राख कोणत्या जमिनीस द्यावी?

चुलीतील राख रोजच्या रोज उकिरड्यावर टाकण्याचा प्रघात अनेक घरी आढळतो. शेणाबरोबर तिचेही खत होते, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः यात दोहोंचे नुकसान होते. राखेतील विम्लधर्मी क्षारांमुळे शेणामुतातील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते, आणि राखेतील पालाश पाण्यात विरघळणारा असल्यामुळे पावसात वाहून जातो.

लाकडाच्या राखेत सर्वांत मोठा भाग चुन्याचा असतो. त्याखालोखाल पालाश व थोडे स्फुरद. नत्र मात्र जळतानाच हवेत गेलेले असते. म्हणून राख ही शेणखताची जागा घेऊ शकत नाही.

कोकणातील जांभ्या जमिनीतून अतिवृष्टीमुळे चुना धुपून गेलेला असतो व जमीन आम्लधर्मी बनते. अशा जमिनीतील स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधले जाते व पिकास मिळत नाही. राखेने आम्लता कमी होते, शिवाय पालाश मिळतो. नारळास पालाश भरपूर लागत असल्याने आळ्यात राख घालण्याची तेथील जुनी रीत योग्यच होय. भाताच्या दाढीसाठी राब भाजण्याच्या पद्धतीतही जमिनीस राख मिळते व तणाचे बी मरते, हे खरे. पण त्यासाठी पालापाचोळा व शेण यांतील नत्र जाळून टाकावे लागते. त्याऐवजी दाढीस कुजलेले शेणखत देऊन, पेरणीपूर्वी चुलीची राख मातीत मिसळणे अधिक हिताचे.

देशावरील काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हाच उपाय अपाय ठरतो. तेथे चुना आधीच विपुल असतो. राखेने विम्लता वाढून लोह व जस्त पिकास मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. चोपण जमिनीत तर राख मुळीच टाकू नये. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबण्यापेक्षा मातीचा नमुना तपासून सामू पाहावा. तो ६ पेक्षा कमी असल्यास राख निर्धास्तपणे द्यावी. ७ च्या वर असल्यास देऊ नये.

राख चाळून, कोरड्या जागी झाकून ठेवावी. वर्षातून एकदा गुंठ्यास सुमारे ५ किलो पुरे. बी किंवा कोवळ्या रोपास ती थेट लागू देऊ नये. युरिया किंवा अमोनियम सल्फेटबरोबर राख कधीही मिसळू नये. दोहोंत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे. दगडी कोळशाची, रंगविलेल्या लाकडाची अथवा प्लॅस्टिक जाळलेली राख शेतात नेऊ नये.