येमेनची यादवी, जगाची वाट

येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी सप्टेंबर २०१४मध्ये राजधानी साना ताब्यात घेतली, तेव्हा तो एका गरीब देशातला सत्तेचा झगडा होता. मार्च २०१५मध्ये सौदी अरेबियाच्या आघाडीने हवाई हल्ले सुरू केले, हुथींना इराणचे पाठबळ मिळत गेले आणि घरचे भांडण शेजाऱ्यांचेही झाले.

ते साऱ्या जगाचे झाले, ते भूगोलामुळे. येमेनच्या नैर्ऋत्य टोकाशी, तांबड्या समुद्राच्या तोंडावर, बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी आहे. रुंदी जेमतेम ३० किलोमीटर. सुएझमार्गे आशिया-युरोप ये-जा करणाऱ्या जहाजांना ती टाळता येत नाही. गाझातील युद्धाचे कारण देत हुथींनी नोव्हेंबर २०२३मध्ये ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज पळवले. पुढे जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे डागायला सुरुवात केली. मोठ्या जहाज कंपन्यांनी मग आफ्रिकेला वळसा घातला. या वाटेने साधारण दहा ते चौदा दिवस जास्त लागतात. इंधन, विमा, भाडे सगळेच चढते. शिवाय स्वस्त ड्रोन पाडायला कितीतरी महागडी क्षेपणास्त्रे खर्ची पडतात. म्हणूनच छोटी फौजही बड्या आरमारांना जेरीस आणू शकते.

सगळ्यांचे लक्ष तांबड्या समुद्राकडे असताना सोमाली चाच्यांनीही डोके वर काढले. मार्च २०२४मध्ये भारतीय नौदलाने सुमारे ४० तासांच्या मोहिमेनंतर ‘रुएन’ जहाज सोडवले आणि ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. सानात पेटलेल्या आगीची धग अशी थेट मुंबईच्या धक्क्यापर्यंत पोहोचली.