चित्रफीत थांबवून बघा!

मित्रांनो, बालभारतीच्या पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो ना, तो क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जि. प. शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी तो पुस्तकांत वापरून दाखवला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. कोडावर फोन धरला की पाठाची चित्रफीत उघडते.

पण नुसतं बघत बसलं तर तो सिनेमाच की!

बी रुजायची चित्रफीत घ्या. चार दिवसांचं काम २४ सेकंदांत कसं दिसतं? कॅमेरा दर दहा मिनिटांनी एक फोटो काढतो. चार दिवसांचे झाले ५७६. ते सेकंदाला २४ या वेगानं दाखवायचे. हिशोब करून बघा.

आमच्या वर्गात बी फुटायच्या आधीच बाई चित्र थांबवतात. आधी काय निघेल, मूळ की पान? हात वर करायचे, मतं फळ्यावर लिहायची, मग पुढं बघायचं. पानवाले जास्त होते. निघालं मूळ! तरी काहींना पटेना, म्हणून ओल्या फडक्यात मटकी बांधली.

पालकांनो, संध्याकाळी अर्धा तास फोन द्या. ज्यांचे आईबाबा ऊसतोडीला गेलेत, त्या मुलांनाही शेजारी बसवा. “थांबव, आता काय होईल?” असं विचारायला दोघं तरी लागतातच.