बातमी आणि खात्री : समाजमाध्यमांच्या काळातील पत्रकाराचे काम

शहागंज हा छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतील गजबजलेला भाग होय. घड्याळाचा जुना मनोरा ही त्याची खूण. सराफा, राजाबाजार, सिटी चौक हे सारे जवळपासच असल्यामुळे येथे दिवसभर खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांची वर्दळ असते. अशा बाजारपेठेत बातमी पूर्वीही वेगाने पसरत असे. परंतु दुकानातून दुकानात जाणारी बातमी वाटेत कोणातरी शहाण्या माणसाला भेटे आणि ‘तुला हे कोणी सांगितले?’ असा प्रश्न तिला विचारला जाई. आज ती त्या माणसाला वळसा घालून पुढे जाते.

११ मे २०१८ च्या रात्री तेव्हाच्या औरंगाबाद शहरात मोतीकारंजा भागात सुरू झालेला तंटा पाहता पाहता गांधीनगर, राजाबाजार व शहागंज येथे पसरला. दोन व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, दुकाने व वाहने जळाली आणि प्रशासनाला इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. पुढे २९ मार्च २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहागंजपासून फारशा दूर नसलेल्या किराडपुऱ्यात राम मंदिराजवळ असाच तंटा उद्भवला व पोलिसांची वाहने जाळण्यात आली. मंदिराविषयी उलटसुलट वार्ता पसरू लागताच तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांनी मंदिरातूनच चित्रफीत प्रसृत केली आणि मंदिर सुरक्षित असल्याचे सांगितले. श्री. जलील हे राजकारणात येण्यापूर्वी दूरचित्रवाणीचे पत्रकार होते, हा भाग वेगळा. त्या घटकेला शहरातील सर्वांत महत्त्वाची बातमी कोणत्याही वृत्तपत्राने वा वाहिनीने नव्हे, तर एका लोकप्रतिनिधीने हातातील मोबाइलवरून थेट नागरिकांना दिली होती. मग पत्रकाराने करावयाचे काय राहिले, हा प्रश्न येथे उभा राहतो.

बातमी येण्याची वाट

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी बातमी पूर्वी कोणत्या वाटेने येत असे, हे आठवणे उपयुक्त ठरेल. तालुक्याचा वार्ताहर हा बहुधा शिक्षक, वकील किंवा वृत्तपत्र विक्रेता असे. बातमी कागदावर लिहून ते पाकीट तो सायंकाळच्या एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी पाठवी. बातमी तातडीची असल्यास तार करी किंवा ट्रंक कॉल लावून ताटकळत बसे. पुढे उपसंपादक तिच्यावरून लाल पेन्सिल फिरवी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या हानीचे खरे स्वरूप बाहेर समजण्यास कितीतरी वेळ जावा लागला, कारण बातमी पाठविणारी माणसेच ढिगाऱ्याखाली होती. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. तेथे पोहोचलेल्या एस.टी. चालकाला गावच जागेवर दिसले नाही व त्याच्यामुळे ही वार्ता बाहेर आली. त्या वेळी मोबाइल सर्वत्र होते. परंतु गावातून बोलण्यास कोणी उरले नव्हते.

आता ८ मे २०२० ची पहाट पाहा. टाळेबंदीच्या काळात जालन्याहून भुसावळच्या दिशेने निघालेले मध्य प्रदेशातील मजूर करमाड परिसरात लोहमार्गावर विसावले. मालगाडी त्यांच्यावरून गेली व सोळा जण ठार झाले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांची छायाचित्रे त्याच दिवशी देशभर हातोहात पोहोचली. ती कोणी घेतली हे पाहणाऱ्यांना ठाऊक नव्हते व त्याची कोणाला गरजही वाटली नाही. मात्र ही माणसे कोण, कोठून निघाली, कोणत्या कारखान्यात राबत होती, रस्ता सोडून रुळांवरून का चालत होती आणि त्या मार्गावर गाडी येणार नाही असे त्यांना का वाटले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या छायाचित्रांत नव्हते. ती उत्तरे जिल्ह्यातील बातमीदारांनी जालना ते करमाड या पट्ट्यात हिंडून, बचावलेल्यांशी बोलून, रेल्वे व पोलीस अधिकाऱ्यांना विचारून मिळविली.

‘काय झाले’ हे प्रथम सांगण्याचा पत्रकाराचा जुना मान गेला आहे, हे या उदाहरणावरून दिसून येईल. तो परत येण्याचा संभव नाही व त्याबद्दल खेद करीत बसण्याचेही कारण नाही. त्याच्याकडे उरले आहे ते ‘हे खरे काय?’ आणि ‘हे का झाले?’ या दोन प्रश्नांचे काम. ते पूर्वीही होतेच. फरक इतकाच की, पूर्वी त्यासाठी रात्री छपाई सुरू होईपर्यंतचा वेळ मिळे, आज काही मिनिटेही मिळत नाहीत.

राईनपाड्याचा धडा

खात्री न झालेली वार्ता किती महागात पडते, याचे उदाहरण महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाहिले. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने ठार मारले. त्यांना ग्रामपंचायत कार्यालयाच्या खोलीत कोंडून मारण्यात आले, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच दिवशी रात्री मालेगावात एका लहान मुलासह पाच जणांवर असाच संशय घेतला गेला. तेथे पोलीस वेळीच पोहोचले व त्यांनी जमावापुढे उभे राहून ते जीव वाचविले.

त्या उन्हाळ्यात देशात फिरत असलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. मोटारसायकलवरील माणसे मुलाला उचलतात, नंतर परत आणून सोडतात व मुलांवर लक्ष ठेवण्याविषयीचा फलक दाखवितात, असे तिचे मूळ स्वरूप होते. शेवटचा भाग कापून टाकल्यावर उरले ते केवळ अपहरण. म्हणजे चित्रफीत खोटी नव्हती, ती अपुरी होती. आणि अपुरी गोष्ट ओळखणे हे खोटी गोष्ट ओळखण्यापेक्षा कठीण असते. डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरे, ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत येथे उपयोगी पडत नाही.

या घटनांनंतर व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा अधिक पाठविण्यास मर्यादा घातली व पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे ठरविण्यात आले. गमतीचा भाग असा की, अफवा कशी ओळखावी हे लोकांना सांगण्यासाठी त्याच कंपनीने जुलै २०१८ मध्ये वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. विश्वास हवा असेल तर छापील कागदाकडे यावे लागते, हे तिलाही पटले असावे.

बातमीदाराच्या टेबलावर

आज जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारा पत्रकार सकाळी उठतो तो अनेक व्हॉट्सॲप गटांतील शेकडो संदेश चाळण्यासाठी. पोलिसांचा गट, महानगरपालिकेचा गट, राजकीय पक्षांचे गट, शासकीय प्रसिद्धिपत्रकांचा गट. पूर्वी त्याला बातमी शोधावी लागे, आता आलेल्या राशीतून ती निवडावी लागते. एखादी चित्रफीत आली की ती प्रथम कोणी व केव्हा टाकली, त्यातील दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत आहेत, वाहनांचे क्रमांक कोणत्या राज्याचे आहेत, उन्हाळ्याची बातमी असताना माणसांच्या अंगावर स्वेटर का आहेत, हे तो पाहतो. छायाचित्र शोधयंत्रात टाकून ते आधी कोठे प्रसिद्ध झाले होते काय, हे तपासतो. आणि शेवटी त्या गावातील माहितीच्या माणसाला दूरध्वनी करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने एखाद्याचा चेहरा व आवाज हुबेहूब तयार करता येऊ लागल्यापासून या शेवटच्या उपायाचे मोल वाढले आहे. यंत्राने केलेला आवाज कितीही खरा वाटला, तरी त्या पुढाऱ्याची त्या दिवशी त्या गावात सभा झालीच नव्हती, हे सांगणारा माणूस गावातच असतो.

दुसऱ्या बाजूस, पत्रकारावरील दडपणही वाढले आहे. किती जणांनी पाहिले, हा आकडा यूट्यूब व फेसबुकवर प्रत्येक बातमीखाली दिसतो व त्यावर उत्पन्न अवलंबून असते. कर्जबाजारी शेतकऱ्याची बातमी हजार लोक पाहतात, बाजारातील हाणामारी लाखभर; पुढच्या वेळी कॅमेरा कोठे वळेल हे सांगावयास नको. न आवडलेली बातमी देणाऱ्यास, विशेषतः स्त्री पत्रकारास, शिवीगाळ व धमक्या सोसाव्या लागतात. पत्रकारांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली स्वतंत्र कायदा संमत केला आहे. पडद्याआडून होणाऱ्या शिवीगाळीपुढे मात्र तो कितपत पुरा पडेल, हा प्रश्न आहे.

तालुक्याच्या गावी हातात बोधचिन्हाचा माइक घेऊन येणारा प्रत्येक जण पत्रकार आहे काय, असे सरपंच व अधिकारी नेहमी विचारतात. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा व मार्च २०२४ पासून अंमलात आलेला नियतकालिक नोंदणीचा कायदा छापील नियतकालिकांसाठी आहे. यूट्यूब वाहिनीला त्याखाली नोंदणी क्रमांक मिळत नाही. इंटरनेटवरील वृत्तप्रकाशनासाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. तेव्हा केवळ ओळखपत्रावर भरवसा न ठेवता त्या व्यक्तीने पूर्वी काय प्रसिद्ध केले व चूक झाल्यास ती दुरुस्त केली काय, हे पाहणे अधिक श्रेयस्कर. मोठ्या वृत्तपत्रांतही उतावीळ माणसे असतात आणि एकट्याने वाहिनी चालविणारे काही तरुण अतिशय काटेकोर असतात.

अधिकाऱ्यांचे मौन

अफवा पसरण्यास शासकीय मौनही हातभार लावते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. घटना घडल्यावर बातमीदार तहसीलदारांना वा पोलीस ठाण्यास दूरध्वनी करतो. ‘माहिती घेऊन सांगतो’ असे उत्तर मिळते. माहिती वरिष्ठांकडे जाते, तेथून मसुदा येतो, त्यावर स्वाक्षरी होते. तोपर्यंत दोन तास गेलेले असतात आणि त्या दोन तासांत गावाने आपली हकीकत आपणच रचलेली असते. सर्व माहिती हाती येईपर्यंत न बोलणे हा एके काळी सावधपणा होता. आज पहिल्या अर्ध्या तासात चार ओळी देणे हा सावधपणा आहे : काय घडले, आतापर्यंत कशाची खात्री झाली, कशाची झालेली नाही आणि पुढील माहिती किती वाजता देण्यात येईल. ‘याविषयी अद्याप माहिती नाही’ असे लिहिण्यास अधिकाऱ्यांना संकोच वाटतो. बातमीदाराला मात्र त्याच वाक्याचा सर्वाधिक उपयोग होतो, कारण त्याच्या आधारे तो आपल्या कार्यालयाला थांबा म्हणू शकतो.

काय खरे व काय खोटे याचा अंतिम निवाडा शासनाने स्वतःकडे घेणे मात्र निराळे. केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरविण्यासाठी तपासणी कक्ष नेमण्याची २०२३ च्या नियमांतील तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरविली. कार्यालयाने आपली बाजू कागदपत्रांसह मांडावी व पत्रकाराने ती पारखून घ्यावी, हीच रीत योग्य होय. त्याआधी, मार्च २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले होते. त्या खटल्याचे मूळही महाराष्ट्रातच, पालघर येथे २०१२ साली फेसबुकवरील मजकुरावरून झालेल्या अटकेत होते. स्थानिक पोलीस ठाण्याचा एक घाईचा निर्णय देशाच्या कायद्यापर्यंत पोहोचतो, तो असा.

शिक्षकांच्या दृष्टीने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अत्याचारग्रस्त बालकाचे नाव, छायाचित्र किंवा शाळेचे नाव प्रसिद्ध करण्यास ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम २३ अन्वये बंदी आहे. वृत्तपत्राचा उपसंपादक हे जाणतो व नाव गाळतो. तेच नाव पालकांच्या गटात ‘मुलीला न्याय मिळावा’ अशा सद्हेतूने फिरते आणि एका रात्रीत गावभर होते. पत्रकाराने पाळलेली मर्यादा अशा वेळी निरर्थक ठरते, आणि त्या मुलीला पुन्हा त्याच वर्गात येऊन बसावयाचे असते.

अखेरीस एक लहानशी बाब. वृत्तपत्राच्या प्रत्येक पानावर वर तारीख छापलेली असते. आपल्या कार्यालयांतून जाणाऱ्या संदेशांवर ती बहुधा नसते. अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी दिल्याचे, धरणाचे दरवाजे उघडल्याचे, लसीकरणाचे ठिकाण बदलल्याचे जे संदेश पाठविले जातात, त्यांत ‘उद्या’, ‘आज सायंकाळी’ असेच शब्द असतात. मागील वर्षीची सुट्टी यंदाच्या पावसात पुन्हा फिरते, ती यामुळे. दिनांक, वेळ व अधिकाऱ्याचे पदनाम ही एक ओळ मजकुराच्या आरंभीच लिहावी. शेवटी लिहिल्यास पुढे पाठविताना ती गळून पडते.