नोंदवहीत नसलेले मासे

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

खुद्री, कोलस, फुलंगी, ताकरी, शिंगाळा, गोगरा, कुतर्णी. ही नावं मी एखाद्या लोकगीतातून उचललेली नाहीत. ती प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतली आहेत. 'टोर खुद्री' असं म्हटलं की जगातल्या कुठल्याही मत्स्यशास्त्रज्ञाला कळतं, की दख्खनच्या महसीर माशाबद्दल बोलणं चाललं आहे. यातलं 'खुद्री' आपल्याकडच्या मासेमारांच्या तोंडचं.

ही करामत लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची. मुंबई सरकारने त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं होतं. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांच्या नकला 1837 साली प्रसिद्ध करणारे ते हेच. पुढे 1839 साली त्यांनी दख्खनच्या माशांवरचा निबंध छापला आणि बऱ्याच नव्या माशांना नावं देताना इथल्या लोकांचीच नावं ठेवली. मी कविता करणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. माशांचं शास्त्र मला कळतं असा माझा दावा नाही. पण ज्याने शिलालेख उतरवून घेतले त्यानेच माशांची नावंही उतरवून घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ही यादी घेऊन जुन्नर किंवा घोडेगावच्या बाजारात जा. मी गेलो होतो. "मावशी, खुद्री मिळेल का?" म्हटल्यावर मावशींनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. "भाऊ, कटला घ्या, रोहू घ्या, नाहीतर चिलापी घ्या. ताजी आहे." कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले. चिलापी, म्हणजे तिलापिया, ही आफ्रिकेतली; 1952 साली ती भारतात आणली गेली. सायप्रिनस हा त्याच्याही आधी, 1939 साली, श्रीलंकेमार्गे निलगिरीत आला आणि मग देशभर पसरला. टोपलीत मासे भरपूर होते, पण साइक्सच्या यादीतलं त्यांत कोणी नव्हतं.

'मूळचा कोण आणि बाहेरचा कोण' हा हिशेब माणसांच्या बाबतीत कोणी मांडू लागलं की मी तिथून उठतो. माशांच्या बाबतीत मात्र तो मांडावा लागतो. कारण मासा चालत येत नाही. डोंगराची धार ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जाणं त्याला जमत नाही. एका नदीत तो हजारो वर्षं राहतो, तिच्या पुराला आणि उन्हाळ्याला सरावतो. तेव्हा इथे देशाची सीमा कामाची नाही, खोऱ्याची सीमा पाहायची. कटला भारतीय आहे, पण भीमेच्या खोऱ्यात तो पाहुणाच. उलटंही घडलं आहे. आपली खुद्री लोणावळ्याजवळच्या वळवणच्या केंद्रात कृत्रिम रीतीने वाढवली गेली. महसीर वाचवण्याच्या चांगल्या हेतूनेच तिचं बीज दूरदूरच्या नद्यांत सोडलं गेलं, त्यांत कावेरीही होती. तिथे ती इतकी फोफावली की कावेरीचा स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला महसीर मागे पडला. 2018 साली त्याची गणना नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या जातींत झाली.

आता आपल्या नद्या पाहू. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या सगळ्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला जातात. पावसाळ्यात दोन्ही काठ धरून वाहतात आणि चैत्र-वैशाखात, धरणाचं पाणी सोडलं नाही तर, वरच्या भागात नुसते डोह उरतात. मूळच्या माशांचं सगळं पंचांग यावर बसलेलं आहे. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आलं की ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ओढ्यांत, भातखाचरांत शिरतात आणि अंडी घालतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. उन्हाळा डोहात काढायचा आणि पुढच्या पुराची वाट पाहायची. त्यांची वीण मुख्यतः वर्षातून एकदा, तीही पुराच्या भरवशावर.

चिलापीला पुराची गरजच नाही. ती साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितें. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लंही काही दिवस तोंडातच सांभाळते. सायप्रिनस तळाचा चिखल उकरत खातो आणि पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो. दोघांनाही संथ पाणी मानवतं. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली. शेतीला पाणी मिळालं, ते हवंच होतं. पण नदीचा मोठा भाग तळ्यासारखा झाला आणि चढणीच्या वाटेवर भिंत उभी राहिली. परक्या माशाला आपण बोलावलं इतकंच नाही, घरही त्याच्या सोयीचं बांधून दिलं.

पुराचा हा मुद्दा किती खरा आहे हे अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात दिसलं. तिथले ओढे वर्षभर बारीक वाहतात आणि अचानक लोंढा येतो. त्यांत टॉपमिनो नावाचा बोटाएवढाही नसलेला स्थानिक मासा राहतो. त्याची पिल्लं खाणारा बाहेरचा मासा म्हणजे गॅम्बुसिया, डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपणही विहिरींत सोडतो तोच. मेफी नावाच्या शास्त्रज्ञाने 1984 साली दाखवलं, की जिथे लोंढे येतात तिथे टॉपमिनो टिकतो. लोंढ्यात काठाला कसं धरून राहायचं हे त्याला ठाऊक आहे, गॅम्बुसियाला नाही. तो वाहून जातो. जिथे लोंढा येत नाही तिथे मात्र गॅम्बुसिया त्याला संपवतो. त्याच राज्यातल्या अराव्हायपा नावाच्या ओढ्यात 1963पासून मासे मोजले जात आले. तिथली परकी जात वाढते आहे की घटते आहे, हे त्यामुळे अंदाजाने सांगावं लागत नाही.

आपल्याकडे मोजणी झालीच नाही असं नाही. फ्रेझर यांनी 1942 साली पुण्याच्या माशांची यादी केली होती. अशा जुन्या नोंदी हाताशी होत्या म्हणून खरात, डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2003 साली 'करंट सायन्स'मध्ये पुणे जिल्ह्यातल्या माशांमधला दीर्घकाळचा बदल मांडता आला. पण अशी कामं मधूनमधून होतात. दरवर्षी ठेवली जाते ती वही दुसरीच असते: बोटुकली किती सोडली आणि माल किती निघाला. त्या वहीत कटला आहे, रोहू आहे. फुलंगीला तिथे रकानाच नाही. ती संपली तरी हिशेबात काही कमी दिसणार नाही.

मात्र त्या वहीलाही नावं ठेवू नयेत. ज्या गावाच्या नावाने आंबेगाव तालुका ओळखला जातो, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या आदिवासींनी शाश्वत संस्थेच्या साथीने त्याच पाण्यात सहकारी मासेमारी उभी केली. शाश्वत ट्रस्टला 2012 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिथे जाऊन 'कटला परका आहे, काढून टाका' असं सांगण्याचा अधिकार निदान मला तरी नाही. शिवाय कटला-रोहूंना विणीसाठी वाहतं पाणी लागतं, म्हणून साठवणीच्या पाण्यात त्यांचं बीज पुन्हा पुन्हा सोडावं लागतं. सोडणं आपल्या हातात आहे, तेव्हा कुठे सोडायचं नाही हेही ठरवता येईल. धरणाच्या वरचे ओढे आणि डोह तेवढे मोकळे ठेवावेत. चिलापीचं तसं नाही, आणि आफ्रिकन मांगूरचं तर नाहीच. मांगूर पाळायला 2000 सालापासून बंदी आहे. 2019 साली हरित लवादाने तो नष्ट करण्याचे आदेश दिले.

मोजायचं कोणी? माझ्या मते ज्यांचं जाळं रोज पाण्यात पडतं त्यांनी, आणि जवळच्या महाविद्यालयांनी त्यांच्या सोबतीने. 2002च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे. तिच्यात माशांची पानं वाढवता येतील. पद्धत अवघड नाही, पण कडक आहे. डोह तोच, महिना तोच, जाळी तीच आणि पाण्यात ठेवण्याचा वेळही तितकाच. नाहीतर या वर्षीचा आकडा मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवता येत नाही. एक जाळं बारीक आसाचं हवं, कारण मूळच्यांपैकी पुष्कळ मासे बोटभरच असतात आणि विकायच्या जाळ्यातून निसटतात. मासा मोजावा, लांबी घ्यावी, फोटो काढावा, पाण्यात सोडावा. काहीच मिळालं नाही तर तसंही लिहावं. नावाच्या रकान्यात आधी मासेमाराने सांगितलेलं नाव लिहावं, लॅटिन नाव मागून तज्ज्ञ भरतील. वर्षातून दोन मोजण्या पुरेत: एक दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, आणि दुसरी वैशाखात, डोह उरलेले असताना.