जेवणासाठी थांबा : धंद्याची एक वाट

अमेरिकेत हौशी वैमानिक सुट्टीच्या दिवशी छोट्या विमानतळांवर केवळ जेवायला उतरतात. इंधनाचा खर्च धरून या जेवणाला ते गमतीने 'शंभर डॉलरचा बर्गर' म्हणतात. चव चांगली असेल तर गिऱ्हाईक वाट वाकडी करून येते, हा यातला धडा.

पालघर जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग मात्र आहे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचा माल चिल्हार फाट्यावर, तर पालघरचा रस्ता मनोरला या महामार्गाला मिळतो. वाढवण बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झाले. बंदर उभे राहिले की मालमोटारी वाढणारच. त्यांच्या चालकांना जेवू कोण घालणार?

दाल-तडका सगळीकडेच मिळतो. सातपाटीची ताजी मासळी आणि तांदळाची भाकरी ही इथली खासियत. पापलेट महाग, रोजच्या थाळीला बोंबील, मांदेली परवडतात. जोडीला गाडी लावायला प्रशस्त जागा, स्वच्छ पाणी, शौचालय आणि फलकावर लिहिलेले दर हवेत. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना आधी घ्यावा. भांडवल बेताचे असलेल्या तरुणांनी छोट्या खानावळीपासून सुरुवात करावी. चव आणि सचोटी टिकली तर धंद्यात बरकत येईल.