ब्रेक पॅड: आवाज नाही, म्हणजे सगळं ठीक?

जळगाव जामोदहून नांदुऱ्याकडे निघालं की रस्ता सपाट. बऱ्हाणपूरकडे वळलं की सातपुड्याचा घाट. गाडी तीच, पण घाटात पॅड लवकर झिजतात. त्यामुळे ‘पॅड चाळीस हजार किलोमीटर जातात’ हे मिस्त्रीनं सांगितलेलं असो की शेजाऱ्यानं, त्यावर विसंबू नका. पाऊसपाण्याचं भाकीत आपल्या तालुक्यातली भेंडवळची घटमांडणी करते. पॅडचं मात्र चाक काढून डोळ्यांनीच पाहावं लागतं. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 वर आला की पॅड बदलायचे. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला असू शकतो, तोही बघा.

आवाजाची वाट पाहू नका. काही पॅडना पत्र्याची पट्टी असते, ती थर संपत आल्यावर डिस्कला घासून चिरकते, सगळ्यांना नसते. आणि खर्रखर्र सुरू झाली, तर पॅडसोबत डिस्कचाही खर्च आला म्हणून समजा.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज ब्रेक ऑइलचा. नावच फसवं. हे इंजिनात टाकायचं तेल नव्हे. तसलं तेल थोडंही पडलं तरी आतले रबरी सील फुगतात. ‘पातळी उतरली, भर टाक’ हेही घाईचं. गळती नसतानाही ती उतरते, कारण पॅड झिजतो तसा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं. मधल्या काळात कुणी ऑइलची डबी काठोकाठ भरली असेल, तर नवे जाड पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की ऑइल उतू जाऊन गाडीचा रंग खातं. म्हणून आधी झाकण उघडा, जास्तीचं सिरिंजनं काढा, सांडलंच तर लगेच पाण्यानं धुवा. मागच्या वर्षीची उघडी बाटलीही वापरू नका. ऑइल हवेतली ओल पितं: नवं डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं 140 लाही उकळू शकतं. घाट उतरताना तसं झालं, तर पेडल पोकळ लागतं.

‘पॅड बदलणं हे घरी करायचं कामच नाही’ हे अर्धंच खरं. पुढच्या चाकांचे पॅड जपून काम करणाऱ्याला जमतात. मागे बहुतेक छोट्या गाड्यांत ड्रम आणि लायनर असतात, ते काम निराळं. हँडब्रेक बटणाचा असेल किंवा पाइप सोडावा लागणार असेल, तर मिस्त्रीकडेच जा. पाइप सोडला नसेल, तर केवळ पॅड बदलले म्हणून हवा काढायची गरज नाही. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. खाली स्टँड हवाच. आपल्या काळ्या मातीत तर जॅक सरळ खचतो, गाडी पक्क्या फरशीवर घ्या. कॅलिपर पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेनं बांधा. धूळ फुंकू नका. ग्रीस पिनांना लावा. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला बोटभरही नाही. आणि पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.

काम झाल्यावर पहिलं पेडल तळापर्यंत जातं, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो. गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, मग ऑइलची पातळी पुन्हा बघा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारणं टाळा. बऱ्हाणपूरची फेरी त्यानंतर ठेवा.