गाऊटची गोळी आणि पहिल्या सहा महिन्यांतील वेदना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

युरिक ॲसिड उतरविणारी गोळी सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले न झाले तोच, ज्या अंगठ्यासाठी ती सुरू केली तोच अंगठा एके रात्री लालबुंद होऊन सुजला आणि त्याला पांघरुणाचा स्पर्शही सोसेनासा झाला, म्हणजे पनवेलचा काय किंवा अन्य कोठला काय, रोगी बहुधा एकच अनुमान काढतो की औषध मानवले नाही. सबब तो गोळी बंद करतो. सूज आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. आणि आपला निर्णय रास्त होता अशी त्याची खातरजमा होते. हे अनुमान स्वाभाविक असले तरी चुकीचे आहे, आणि त्यापायी कित्येकांचे सांधे कायमचे निकामी होतात. म्हणून त्याचे निराकरण सर्वांत आधी केले पाहिजे.

रक्तात दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमपेक्षा अधिक युरिक ॲसिड झाले की ते विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत नाही, आणि त्याचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक सांध्यांत, विशेषतः पायाच्या थंड टोकांना, साचू लागतात. पनवेल-उरण पट्ट्यातील मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही क्रिया समजावून सांगावी लागणार नाही: पाणी संपृक्त झाले की कोंडीच्या तळाशी मीठ धरते, आणि पुढे त्यात गोडे पाणी शिरले तर तो थर एकदम नाहीसा न होता आधी सैल होतो, त्याचे कण सुटतात. सांध्यातही हेच घडते. ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट या औषधांनी रक्तातील पातळी खाली आली म्हणजे वर्षानुवर्षे साचलेला थर विरघळू लागतो, त्याचे सुटे कण सांध्याच्या द्रवात उतरतात, आणि तोवर स्वस्थ असलेल्या श्वेतपेशी त्यांच्यावर तुटून पडतात. ती वेदना म्हणजे औषध वाया गेल्याचा पुरावा नव्हे. साठा हलू लागल्याचे ते लक्षण होय. पातळी जितक्या वेगाने उतरेल तितका हा उद्रेक संभवनीय, आणि म्हणूनच ॲलोप्युरिनॉल दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने (मूत्रपिंड दुर्बल असल्यास ५० मिलिग्रॅमनेही) सुरू करून, दर काही आठवड्यांनी रक्त तपासत हळूहळू वाढविण्याची वहिवाट आहे.

तेव्हा दुखणे उठले की गोळी थांबवावी, हा समज सोडून द्यावा. चालू असलेली गोळी त्याच मात्रेने चालू ठेवून उद्रेकाचा इलाज स्वतंत्रपणे करावयाचा असतो: कोल्चिसिन, वेदनाशामक दाहनाशके किंवा अल्प मुदतीची स्टेरॉइडे, यांपैकी जे त्या रोग्याच्या मूत्रपिंडास, जठरास आणि रक्तातील साखरेस झेपेल ते. गोळी थांबवून पुन्हा सुरू करणाऱ्याची पातळी वर-खाली होत राहते आणि ज्या उद्रेकाला तो भितो त्यालाच तो निमंत्रण देतो.

याहून दुःखाची बाब अशी की हा उद्रेक बऱ्याच अंशी टाळता येतो, आणि ते पुष्कळांना सांगितलेच जात नाही. मुख्य औषधाबरोबर पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एक किंवा दोन वेळा घेतली, तर उद्रेकापासून आच्छादन, म्हणजे संरक्षण, मिळते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ४३ रोग्यांच्या एका छोट्या चाचणीत, ॲलोप्युरिनॉल सुरू करताना कोल्चिसिन घेणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना उद्रेक झाला, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ७७ टक्क्यांना. "एका दुखण्याला दोन-दोन गोळ्या कशाला?" असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे दोन आकडे जरूर सांगावेत.

कोल्चिसिनविषयी दुसरा गैरसमज त्याच्या उलट टोकाचा आहे: गोळ्या जितक्या अधिक तितका आराम लवकर. पूर्वी जुलाब सुरू होईपर्यंत तासातासाने ती देण्याची पद्धत होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्प मात्रा ही मोठ्या मात्रेइतकीच गुणकारी ठरली, आणि जुलाब-उलट्यांचा त्रास मात्र पुष्कळच कमी आढळला. हे द्रव्य अल्प मात्रेत औषध आणि अतिरिक्त मात्रेत विष आहे. श्रावणाच्या सुमारास कोकणातल्या रानांत आणि कुंपणांवर जी कळलावी फुलते, जिच्या पानांची टोके तणाव्यांसारखी आधाराला वेटोळे घालतात आणि जिच्या पिवळ्या-तांबड्या पाकळ्या ज्वाळेप्रमाणे वर उलटलेल्या असतात, तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असते, आणि तो कंद खाऊन माणसे दगावलेली आहेत. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, अशा विश्वासाने तो उगाळून घेण्याचे धाडस कोणीही करू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असणाऱ्यांनी, ही गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

येथे पनवेलविषयी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १८७२ पासून चालत आलेल्या श्रीधूतपापेश्वर कारखान्यामुळे या गावाचे नाव आयुर्वेदाशी जोडले गेले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्तास, म्हणजे गाऊटशी मिळत्याजुळत्या विकारास, स्वतंत्र अध्याय आहे. तेव्हा येथील घरांत काढा आणि गोळी एकाच फळीवर असणे ओघानेच आले. त्यात लपविण्यासारखे काही नाही. वैद्य आणि डॉक्टर या दोघांपुढेही सगळ्या पुड्या-बाटल्या मांडाव्यात, एवढेच. आणि लेबल नसलेली, एका रात्रीत सूज उतरविणारी पुडी मात्र संशयास्पद मानावी, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळून आलेले आहे.

पथ्याचा विषय निघाला की डाळ, पालक, टोमॅटो या सर्वांवर सरसकट बंदीहुकूम निघतो. ४७,१५० पुरुषांचा १२ वर्षे मागोवा घेणाऱ्या अमेरिकेतील अभ्यासात प्युरीनयुक्त (प्युरीन म्हणजे ज्यापासून युरिक ॲसिड बनते ते द्रव्य) भाज्यांनी गाऊटचा धोका वाढलेला दिसला नाही. मांस आणि मासळी यांनी तो वाढला, आणि दूध-दह्याने घटला. म्हणजे उरण नाक्यावरून आणलेली तारली, सुकट आणि कोलंबी बेताने खावी, कलेजी आणि बिअर टाळावी, साखरेची शीतपेये सोडावी, वरण-भात मात्र सुखाने जेवावा. तथापि उत्तम पथ्यानेही पातळी सहसा एखाद्या मिलिग्रॅमनेच उतरते. ज्याचा आकडा ९ आहे, त्याला केवळ पथ्याने ६ च्या खाली आणण्याचे आश्वासन देणे हा त्याच्यावर अन्याय होय.

उद्रेकाच्या ऐन भरात केलेली युरिक ॲसिडची तपासणी फसवी असते, कारण त्या वेळी पातळी तात्पुरती खाली आलेली असू शकते; दोन-एक आठवड्यांनी ती पुन्हा करावी. उलटपक्षी, केवळ अहवालात आकडा वाढलेला आहे आणि सांधा कधी दुखलाच नाही, अशा माणसाला बहुधा गोळीची गरजच नसते.

गोळी घेणाऱ्याच्या रक्तातील पातळीचे लक्ष्य ६ च्या खाली, आणि स्फटिकांच्या गाठी झालेल्या असतील तर ५ च्या खाली. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे परिचारिकांनी रोग्यांना हा सर्व प्रकार नीट समजावून सांगून औषधाची मात्रा वाढवीत नेली. त्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले: दोन वर्षांअखेर त्यांच्यापैकी ९५ टक्के रोगी लक्ष्यापर्यंत पोहोचले, नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३० टक्के होते. औषधे दोहोंकडे तीच उपलब्ध होती. समजावून सांगण्यास लागणारा वेळ वैद्यकाने दिलाच पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. आच्छादनाची गोळी काही महिन्यांनी थांबते. मूळ गोळी बरे वाटल्यावरही चालू राहते.

गोळी थांबवू नये या नियमाला एक अपवाद आहे. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले, तर गोळी त्याच क्षणी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि थंडी-तापासह एकच सांधा सुजला असेल, तर तो गाऊटच आहे असे गृहीत धरून घरी बसू नये. सांध्यात पू झाला असण्याचा संभव असतो, म्हणून थेट रुग्णालयात जावे.